रजेवर गेलेले केस

१. न्हाणीघरातील प्रश्न

बाळंतपणाला तीन-साडेतीन महिने लोटलेले असतात. सव्वा महिन्याचे शेक-शेगडीचे पर्व केव्हाच आटोपलेले असते, माहेरहून सासरी परतण्याची भाषा सुरू झालेली असते, मूल मान धरू लागलेले असते आणि ओळखीचा चेहरा दिसताच बोळके पसरून हसू लागलेले असते. आणि नेमक्या अशा वेळी, आता सारे स्थिरस्थावर झाले असे वाटत असताना, एके सकाळी न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा एवढा मोठा पुंजका अडकलेला दिसतो की ती बाई जागच्या जागी थबकते. दुसऱ्या दिवशी केस उशीवर दिसतात, तिसऱ्या दिवशी बाळाच्या दुपट्यावर, आणि चौथ्या दिवशी कुणाच्या तरी भाताच्या घासात.

माझ्या भाचीने मला दूरध्वनी केला तेव्हा ती याच मुक्कामावर येऊन पोहोचली होती. "मावशी, मूठ मूठ केस जाताहेत गं. टक्कल पडणार का मला?" असे तिने रडवेल्या स्वरात विचारले, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच पुढे म्हणाली, "आणि मी अंगावर पाजतेय, तेव्हा औषध-बिषध नको. घरगुती, नैसर्गिक असं काही असेल तर सांग." या प्रकरणाचा सारा विषय या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

तिच्या आजेसासूबाईंनी अर्थात आपले उत्तर आधीच देऊन ठेवले होते: "पोर आईला ओळखून हसायला लागलं, की आईचे केस जायचेच." हे वाक्य ऐकून आधुनिक वाचक स्मित करील, परंतु मला त्या वृद्धेविषयी आदरच वाटला, कारण वेळापत्रक तिने अचूक सांगितले होते. मुलाचे ओळखीचे हसू दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फुलते, आणि आईची केसगळतीही त्याच सुमारास आरंभते. दोन घटना एकाच पंचांगात शेजारी शेजारी पडल्या, म्हणून एकीने दुसरीला जन्म दिला असे मानले गेले, इतकीच चूक. कारण चुकले, तरी तिथी बरोबर होती.

ही भीती एवढी तीव्र का असते, हेही एकदा ओळखून ठेवले पाहिजे. आपल्याकडे स्त्रीचा केशसंभार हा केवळ केशसंभार कधीच नव्हता. तो सौभाग्याशी जोडला गेला होता, आणि केशवपनाच्या रूढीने तो हिरावून घेणे म्हणजे स्त्रीचे सामाजिक अस्तित्व हिरावून घेणे, हे महाराष्ट्राने आपल्याच घरांतून पाहिले आहे. रूढी गेली, तिची सावली मात्र अजून आरशात पडते. तेव्हा "एवढ्याशा केसांचे काय घेऊन बसलीस" असे म्हणून जी माणसे बाळंतिणीला गप्प करतात, ती तिचे दुःख हलके करीत नाहीत, तिला फक्त एकटी पाडतात.

२. एक लाख कारकुनांची कचेरी

मानवी मस्तकावर सरासरीने एक लाख केस असतात. हे एक लाख केस म्हणजे एखाद्या विशाल सरकारी कचेरीतील एक लाख कारकून आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक कारकुनाची खुर्ची म्हणजे त्वचेत रुतलेला तो सूक्ष्म खळगा, ज्याला केशकूप म्हणतात. केस येतो, काम करतो, जातो. खुर्ची मात्र जागेवरच राहते. हे एक विधान ज्या वाचकाच्या मनात पक्के बसले, त्याची अर्धी चिंता इथेच सरली.

या कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक कारकून दोन ते सहा वर्षे अखंड काम करतो. ही केसाची वाढीची अवस्था होय, आणि तिच्यात तो दरमहा सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर लांबतो. नंतर दोन-तीन आठवडे तो कामाची आवराआवर करतो. ही संक्रमणाची अवस्था. आणि मग तो सुमारे तीन महिन्यांच्या रजेवर जातो. ही विश्रांतीची अवस्था. इथे एक गंमत आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा घोटाळा तिच्यातूनच उद्भवतो. रजेवर जाताना हा कारकून आपला कोट खुर्चीवर टांगून जातो. लांबून पाहणाऱ्यास वाटते, गृहस्थ जागेवर आहेत. वस्तुतः खुर्चीत फक्त कोट असतो. विश्रांतीतला केसही असाच डोक्यावर दिसतो, वेणीत गुंफला जातो, तेल पितो. परंतु त्याची वाढ थांबलेली असते आणि मुळाशी असलेली पकड सैल होत चाललेली असते. रजेची मुदत संपते, त्याच खुर्चीवर नवा कारकून रुजू होऊ लागतो, आणि कंगव्याच्या किंवा पाण्याच्या लहानशा धक्क्याने तो कोट खाली पडतो. आपण ज्याला केस गळणे म्हणतो ते हे कोट पडणे आहे. माणूस तीन महिन्यांपूर्वीच गेलेला असतो.

आता साधा हिशेब करून पाहू. एक लाखांपैकी सामान्यतः नव्वद टक्के केस कामावर असतात आणि दहा टक्के, म्हणजे दहा हजार, रजेवर असतात. रजा सुमारे शंभर दिवसांची. दहा हजारांना शंभराने भागले की उत्तर येते शंभर. म्हणजे निरोगी माणसाच्या डोक्यावरूनही दिवसाला शंभरापर्यंत केस जाणे हा कचेरीचा नित्याचा व्यवहार ठरतो. ते आपल्या लक्षात येत नाही याचे कारण असे की प्रत्येक केशकूप स्वतःच्या स्वतंत्र पंचांगाने चालतो. साप एका दमात सारी कात टाकतो तसे आपले होत नाही.

३. रजा तहकूब, रजा मंजूर

गर्भारपणात या शिरस्त्यात एक विलक्षण हुकूम निघतो. इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजे शरीरातील एका ठिकाणाहून सुटून रक्तावाटे दुसऱ्या ठिकाणी निरोप पोहोचविणारे द्रव्य, या काळात रक्तात पुष्कळ वाढलेले असते, आणि त्याच्या प्रभावामुळे ज्यांची रजा जवळ आलेली आहे असे केसही कामावरच थांबून राहतात. जणू मोठे कार्य उभे राहिले असल्यामुळे सर्वांच्या रजा तहकूब. समजा, रजेवरचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पाचावर आले, तर दिवसाला शंभराऐवजी पन्नासच केस गळतील, आणि महिन्यामागून महिने ही शिल्लक साठत जाईल. डोहाळजेवणाच्या छायाचित्रात फुलांच्या वाडीखाली जी भरदार वेणी दिसते, तिच्यात या उसनवारीचा वाटा असतो. बाळंतपणानंतर आरशात पाहताना बाई नकळत त्या छायाचित्राशी तुलना करते, आणि तूट असते त्याहून दुप्पट भासते.

प्रसूती होते, वार पडते, आणि इस्ट्रोजेनचे प्रमाण काही दिवसांत झपाट्याने खाली येते. तहकूब केलेल्या साऱ्या रजा एकदम मंजूर होतात. समजा, तीस टक्के केस एका वेळी विश्रांतीत गेले. तर तीस हजार कोट शंभर दिवसांत पडायचे, म्हणजे दिवसाला तीनशे. पण ते आज पडत नाहीत. हुकूम आणि अंमलबजावणी यांच्यात तीन महिन्यांचे अंतर राहते, म्हणूनच सव्वा महिन्यापर्यंत सारे आलबेल दिसते आणि दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान अकस्मात पाऊस सुरू होतो. चौथ्या महिन्याच्या आसपास तो भरात असतो, आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत केस पूर्वीच्या शिरस्त्यावर येतात.

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम असे नाव दिले. टेलोजेन म्हणजे विश्रांतीची अवस्था, आणि एफ्लुव्हियम म्हणजे बाहेर वाहून जाणे. बाळंतपण हे त्याचे केवळ एक निमित्त आहे. मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाचे केस दोन-तीन महिन्यांनी जातात हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुरते ठाऊक होते. मोठी शस्त्रक्रिया, कडक उपासमार, अलीकडच्या काळातील कोविडचा ताप, या सर्वांनंतर हेच घडते, आणि तेही असेच मुदतीने.

या तीन महिन्यांच्या अंतराने दोन प्रकारचे अन्याय होतात. पहिला असा, की केस पडू लागले म्हणजे संशयाचे बोट सध्या जवळ उभ्या असलेल्या वस्तूकडे जाते: सासरचे जड पाणी, गेल्या आठवड्यात बदललेला साबण, आणि सर्वांत दुर्दैवी म्हणजे अंगावरचे दूध. बाळाला पाजल्यामुळे केस जातात, ही समजूत घरोघर आहे. परंतु ज्या स्त्रिया काही कारणाने पाजत नाहीत त्यांचेही केस याच काळात जातात, तेव्हा केसांसाठी मुलाचे दूध तोडणे म्हणजे भलत्याच आसामीवर जप्ती आणणे होय.

दुसरा अन्याय उलट्या दिशेचा. केस गळू लागल्यावर बाई घाबरून एखादे तेल आणते, ते दोन-तीन महिने लावते, आणि गळती थांबते. ती थांबणारच होती; मुदतच भरली होती. पण श्रेय बाटलीला मिळते, आणि ती बाटली मग नणंदेला, शेजारणीला, कार्यालयातील मैत्रिणीला मोठ्या विश्वासाने सुचविली जाते. यात कोणी खोटे बोलत नाही, तरीही सर्वांची फसगत होते. बाळंतपणानंतरच्या केसगळतीवर जितके उपाय 'हमखास' म्हणून सांगितले जातात, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर सांगितले जात असतील. आणि त्याचे कारण उपायांच्या गुणात नसून आजाराच्या आपोआप संपण्यात आहे.

४. पाळण्यातला सोबती

आईचे केस जात असताना पाळण्यात काय चालले आहे, तिकडे फारसे कुणी पाहत नाही. मुलाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे ते उशीवर टेकते तिथे, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक गुळगुळीत चकती दिसू लागते. घरची माणसे म्हणतात, निजून निजून केस झिजले. घर्षणाचा वाटा असेलही. पण मुळात त्या भागातील केस जन्माच्या सुमारास एकदम विश्रांतीत गेलेले असतात, आणि त्यांचीही रजा आता संपलेली असते. म्हणजे आई आणि मूल एकाच प्रसंगातून गेली, आणि दोघांचेही केस जवळजवळ एकाच मुदतीत पडत आहेत. आईला हे सांगितले की तिला थोडे बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

जावळ काढल्याने पुढचे केस दाट येतात, ही समजूत मात्र तेवढी खरी नाही. वस्तरा केसाचे टोक कापतो, खुर्चीला त्याची खबरही नसते. कापलेले टोक बोथट असल्यामुळे हाताला राठ लागते, आणि मुलाचे पुढचे केस वयाप्रमाणे आपोआपच जाड येतात. समारंभ हौसेने जरूर करावा; मामाच्या मांडीवर बसण्याचा मुलाचा हक्क कोण नाकारील?

५. मोजून पाहावे

भय मोजले की पुष्कळदा लहान होते. गळलेला एक केस उजेडात धरून त्याचे मुळाकडचे टोक पाहावे. तिथे मोहरीहूनही कितीतरी बारीक अशी पांढुरकी गाठ दिसली, तर तो रजेची मुदत पुरी करून पडलेला केस आहे असे समजावे. अनेकजणी ती गाठ पाहून "मुळासकट गेला" म्हणून हाय खातात, पण ते मूळ नव्हे, कोटाचे बटण आहे. केस मधेच तुटलेला असेल, तर प्रश्न गळतीचा नसून तुटण्याचा आहे, आणि त्याचे कारण ओढाताणीत किंवा कोरडेपणात शोधावे.

दुसरा हिशेब न्हाण्याचा. केस जातात म्हणून चार-चार दिवस डोक्यावर पाणी न घेणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. दिवसाला दीडशे कोट पडायचे असतील, तर चार दिवसांचे सहाशे त्या पाचव्या दिवशी एकत्र जाळीवर येणार, आणि मग न्हाण्याचीच भीती बसणार. न न्हाल्याने एकही केस वाचत नाही. वसुली फक्त लांबणीवर पडते.

त्वचारोगतज्ज्ञ एक सोपी परीक्षा करतात. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढायची. सहापेक्षा अधिक केस हाती आले तर गळती अद्याप चालू आहे असे मानायचे. ही परीक्षा घरी रोज करू नये. ती करण्याच्या नादात आणखी शंभर ओढले जातात.

६. ताटातला जमाखर्च

आता भाचीच्या दुसऱ्या मागणीकडे, म्हणजे नैसर्गिक उपायाकडे वळू. जो केस रजेवर गेला त्याला परत बोलावण्याची ताकद कोणत्याही पाल्यात, बियांत वा तेलात नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. परंतु त्या खुर्चीवर जो नवा कारकून येणार आहे, त्याच्या पगाराची तजवीज आजच करता येते. आणि पगाराची ही थैली स्वयंपाकघरातून भरते. माझ्या मते या संपूर्ण विषयात जर कुठे खरा उपाय असेल तर तो इथे आहे, आणि नेमके इथेच आपल्या घरांतून सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पहिली बाब लोहाची. एका गर्भारपणात शरीराला मिळून सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले काही बाळ घेते, काही वाढलेल्या रक्तासाठी खर्ची पडते, आणि प्रसूतीत जे रक्त जाते त्याबरोबरही बरेच निघून जाते. ही उचल ज्या खजिन्यातून करायची, तो आपल्याकडे मुळातच रिता असतो: २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. बाळंतपणानंतरची गळती लोहाच्या अभावामुळे सुरू होत नाही, हे खरे. पण लोह कमी असेल तर ती अधिक होऊ शकते आणि नवे केस येण्यास विलंब लागू शकतो. शरीर काटकसर करू लागले की प्रथम हृदय, मेंदू, स्नायू यांची बिले चुकती करते. केसांचा नंबर अखेरीस लागतो.

सरकारी योजनेप्रमाणे गर्भारपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस, ६० मिलिग्रॅम लोह असलेली फॉलिक आम्लयुक्त लाल गोळी रोज एक घ्यावयाची असते, आणि ती आरोग्य उपकेंद्रातून अथवा आशाताईंकडून विनामूल्य मिळते. गर्भारपणातला कोटाच पुष्कळजणींचा पुरा होत नाही. आणि बाळंतपण झाले, की "आता कशाला" म्हणून उरलीसुरली डबी फडताळात जाते. वस्तुतः केस गळण्याचा जो ऐन काळ, चौथा-पाचवा महिना, तो या दुसऱ्या १८० दिवसांच्या आतच येतो. ज्या बाईने तेलाची बाटली विकत आणली, तिच्या फडताळात त्या बाटलीहून अधिक उपयोगी वस्तू फुकट पडून असते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. लिंबाची फोड, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व मात्र लोहाला आतवर पोहोचवते.

इथे बाळंतिणीच्या पथ्याविषयी दोन शब्द बोलावेच लागतील. हळिवाचे लाडू, म्हणजे नारळाच्या पाण्यात भिजवलेला हळीव, ओले खोबरे आणि गूळ यांचे ते मऊ गोळे, हा आपल्या आयाबायांचा अत्यंत शहाणा शोध आहे, कारण हळिवात लोह चांगले असते. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांतून शक्ती मिळते, बाजरीची भाकरी तर या काळात उत्तमच. पण त्याच स्वयंपाकघरात दुसरा एक कायदा चालतो: डाळ-उसळ वातूळ म्हणून बंद, लिंबू-आवळा थंड आणि आंबट म्हणून बंद, पालेभाजीने बाळाचे पोट बिघडते म्हणून बंद. म्हणजे हळिवाने लोह द्यायचे आणि ते आत नेणाऱ्या लिंबावर दारातच पहारा बसवायचा! आंबट खाऊन आईचे दूध आंबट होत नाही, आणि मऊ शिजवलेल्या मुगाच्या आमटीने कोणाच्या बाळाला अपाय झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. हे सारे सासूबाईंशी भांडून सांगू नये. लाडू आवडीने खावे आणि आमटीवर लिंबू पिळून घ्यावे.

दुसरी बाब प्रथिनांची. केस हा जवळजवळ संपूर्णपणे केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला धागा आहे, आणि पाजणाऱ्या मातेच्या दुधातूनही प्रथिने जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या मातेला नेहमीपेक्षा सुमारे ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. हे १७ ग्रॅम आणायचे कुठून? एक पेला दूध, सुमारे सात ग्रॅम. मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीची एक वाटी, सुमारे सात ग्रॅम. भाकरीबरोबर शेंगदाण्याच्या चटणीचे दोन चांगले चमचे, तीन-चार ग्रॅम. खाणारीला अंडे चालत असेल तर त्यातून सहा. बेरीज जमली, आणि तीही किराणा दुकानाबाहेर पाऊल न टाकता. लाडू-साजुक तुपाच्या पथ्यात कॅलरींचा भरणा पुरेपूर होतो. प्रथिनांच्या खात्यात मात्र थकबाकी राहते. म्हणूनच वजन वाढले तरी बाई अशक्त, असे विसंगत चित्र दिसते. आणि त्यात भर म्हणजे तीन महिन्यांनी पोट कमी करण्याच्या घाईने आरंभलेला उपास. तो तर नव्या गळतीला दिलेले आमंत्रणच, आणि तेही आणखी तीन महिन्यांनी फळ देणारे.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या हल्ली सर्रास विकल्या जातात. या जीवनसत्त्वाची खरी कमतरता क्वचितच असते. मात्र त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडसारख्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१७ साली दिलेला आहे. गोळी घेत असाल तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

७. तेल, शिकेकाई आणि कांदा

तेलाचा विषय मी जरा हात राखून लिहीत आहे, कारण माझ्या स्वतःच्या आईने मला न्हाण्यापूर्वी जे कोमट खोबरेल लावले त्याची सर कोणत्याही औषधाला यायची नाही. त्याचे कार्य मात्र कोणत्या क्षेत्रात चालते हे समजून घ्यावे. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, आणि खोबरेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते असे दाखविले. म्हणजे खोबरेल कोटाचे कापड जपते. रजेच्या अर्जावर सही त्याच्या हाती नाही. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळलेली तेलेही याच दृष्टीने पाहावीत. मुळांशी हलक्या बोटांनी ती चोळावीत, बाळंतिणीला त्याने दहा मिनिटांची विश्रांती तरी खात्रीने लाभते. शिकेकाई-रिठ्याने न्हायचे तर न्हावे, सौम्य शांपूही चालेल.

कांद्याच्या रसाची कीर्ती मात्र चुकीच्या पत्त्यावर पोहोचली आहे. इराकमधील संशोधकांनी २००२ साली त्याचा जो छोटा प्रयोग केला, तो चाई पडलेल्या रुग्णांवर होता. चाई हा अगदी निराळा विकार असून त्यात गोल चकत्यांनी केस जातात. बाळंतिणीने कांद्याचा रस चोळून स्वतःच्या त्वचेची आग आणि पाळण्यातल्या मुलाची झोप, दोन्ही पणाला लावण्याचे कारण नाही. पोटात घ्यायची 'नैसर्गिक' चूर्णे व भस्मे यांबाबत तर अधिक सावध असावे, कारण काही औषधांत शिसे व पारा आढळलेला आहे आणि आईच्या पोटातले दुधावाटे मुलापर्यंत जाऊ शकते. नैसर्गिक हा शब्द जामीन राहू शकत नाही.

८. कंगवा, अंबाडा आणि बाळाची बोटे

ओले केस कोरड्या केसांहून कमजोर असतात, म्हणून न्हाल्याबरोबर बारीक दातांची फणी घालू नये. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकाकडचा गुंता सोडवावा आणि मग वर वर जावे. ओढून घातलेला अंबाडा कपाळालगतच्या केसांवर सतत ताण ठेवतो, आणि असा ताण वर्षानुवर्षे राहिला तर खुर्चीच मोडते. सैल वेणी बरी. केस खांद्यापर्यंत कापून घेतल्याने गळती कमी होत नाही, पण उरलेले भरदार दिसतात आणि पहाटे तीन वाजता मूल मांडीवर असताना सावरायला सोपे जातात; कुणी कापू इच्छीत असेल तर तिला अडवू नये.

या विभागातली खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आईचा गळलेला लांब केस कधी कधी बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती, क्वचित लिंगाभोवती, गुंडाळला जातो, हालचालीने आवळत जातो आणि रक्तप्रवाह रोखतो. मूल उगीच किंचाळते, पोटदुखी समजून ओव्याचा शेक देत बसतात, आणि मोज्याच्या आत बोट सुजून जांभळे होत असते. अकारण रडणाऱ्या मुलाची वीसही बोटे उघडून पाहण्याची सवय लावावी. मोजे-टोपडी उलटी करून झटकावीत. दुपटी धुतल्यावर त्यांवरचे केस वेचावेत. केस रुतलेला दिसला आणि सहज निघाला नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

९. डॉक्टरांकडे केव्हा

बहुतेक स्त्रियांना यासाठी डॉक्टरांकडे जावे लागत नाही. पण मुलाचे वर्ष उलटूनही गळती ओसरली नाही, डोक्यावर गोल चकत्या पडल्या, भांग दिवसेंदिवस रुंदावत चालला, किंवा त्वचेला खाज, खपल्या, पू असे काही दिसले, तर घरचे उपचार बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक शक्यता आपल्याकडे फार वेळा निसटते. शंभरातील सुमारे पाच स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड ग्रंथीचा दाह होतो. प्रथम छातीत धडधड, घाम, वजन घटणे, आणि नंतर उलट थकवा, थंडी वाजणे, उदासपणा, अशी त्याची चाल असते. केसही जातात. घरातली माणसे म्हणतात, तान्ह्या मुलाची आई थकणारच. थकणार हे खरे. पण मूल निजल्यावरही जिला झोप येत नाही, जिचा कशातच जीव रमत नाही, तिच्याशी केसांवरून सुरू झालेले बोलणे केसांवरच संपवू नये. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन आणि थायरॉइड, एवढ्या तीन चाचण्यांनी पुष्कळ उलगडा होतो. हिमोग्लोबिन बरे असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून दुसरी चाचणी वगळू नये.

१०. दुसरा दूरध्वनी

भाचीचे मूल सहा महिन्यांचे झाले, उष्टावणाचे आमंत्रण देण्यासाठी तिने पुन्हा दूरध्वनी केला, आणि निमंत्रण देऊन झाल्यावर नवी तक्रार मांडली. "मावशी, कपाळावर आणि कानांशी हे आखूड केस उभे राहिलेत. कितीही तेल लावलं तरी बसत नाहीत. फोटोत अगदी पिंजारल्यासारखी दिसणार मी." मी तिला मोजपट्टी घेऊन त्यातला एक केस मोजायला सांगितले. तीन सेंटिमीटर भरला. महिन्याला सव्वा सेंटिमीटर धरले, तर तो केस सुमारे अडीच महिन्यांपूर्वी उगवला होता. म्हणजे ज्या आठवड्यात ती मला रडत रडत टक्कल पडणार का म्हणून विचारीत होती, त्याच आठवड्यात तिच्या कपाळावर नवे कारकून रुजू होत होते.

"मग आता हे बसवू कसे?" तिने विचारले. मी म्हटले, "मोगऱ्याचा गजरा माळ, आणि चार क्लिपा लाव."